राबायला मालक, ठरवायला नोकर

ताई,
आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र. २०१९ मध्ये पुण्यात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, व्हिडिओ गेम बनवतो. ते दोघं कोड बघतात, मी आर्ट. शेअर त्यांचे ३८-३८ टक्के आणि माझे २४. ‘कोडशिवाय गेम उभाच राहत नाही’ असं तेव्हा म्हणाले, मीही वाद घातला नाही. पहिली दोन वर्षं कुणीच पगार घेतला नाही. आता ते दोघं पूर्ण घेतात आणि मी अर्धा, कारण ‘तू घरीच राहतेस, तुला कुठे भाडं आहे?’ पहिला गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, बरा चालला. दुसऱ्यासाठी गेमवर पैसे लावून तो बाजारात आणणाऱ्या एका परदेशी पब्लिशरशी करार होतोय, हे मला डिस्कॉर्डवरच्या आमच्या ऑफिस-चॅटमध्ये एका ज्युनिअरच्या मेसेजमधून कळलं. मी तिथेच सगळ्यांसमोर भांडले. दुसऱ्या दिवशी स्टीमवर्क्सवरचा, म्हणजे स्टीमवरचा गेम सांभाळायच्या पोर्टलवरचा, माझा ॲडमिन ॲक्सेस काढलेला होता. माझ्या बाजूने बोललेल्या ॲनिमेटरला महिनाअखेर थांबायला सांगितलंय. आणि आता मला ‘सेपरेशन ॲग्रीमेंट’ आलंय. राजीनामा द्यायचा, माझे २४०० शेअर दहा रुपये दराने परत करायचे, म्हणजे २४ हजार रुपये, आणि वर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या गेम स्टुडिओत काम करायचं नाही. सात दिवसांत सही हवी. सुरुवातीला नेटवरून काढलेल्या एका कागदावर तिघांनी सह्या केल्या होत्या, त्यात ‘सोडून गेल्यास शेअर दर्शनी किमतीला’ असं काहीतरी आहे, म्हणजे तेच दहा रुपये. मला कोर्टकचेरी नको आहे, पण झोप उडाली आहे. सगळी ओरिजिनल ड्रॉइंग माझ्या मशीनवर आहेत, ती पुसून टाकावीत असंही मनात येऊन जातं. तुम्ही मला तू म्हणा, पण काय करू ते सांगा.
— तीनातली एक, पुणे

तीनातली एक,

आधी दोन गोष्टी, कारण सातातले काही दिवस गेलेही असतील. सही करू नकोस. आणि एकही फाइल पुसू नकोस. बाकीचं सावकाश वाच.

सात दिवसांची मुदत त्या दोघांनी घातली आहे, कायद्याने नव्हे. ती टळली म्हणून तुझा एक शेअरही कमी होत नाही. फाइल पुसल्यास मात्र उद्या ‘कंपनीचा डेटा नष्ट केला’ म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तक्रार तुझ्यावर होऊ शकते, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आज चूक त्यांच्या पदरात आहे, ती उचलून स्वतःच्या पदरात घेऊ नकोस. उलट सगळ्या ड्रॉइंगची, तारखांसकट, लेअर असलेल्या मूळ फाइलींसकट एक प्रत बाजूला ठेव. ती का लागेल ते पुढे सांगते.

तू पत्रात घटना लिहिल्यास, पण दुखतंय कुठे ते लिहिलं नाहीस. मला जे दिसतं ते असं. पगार नव्हता तेव्हा ‘आपण मालक आहोत, मालकाला कसला पगार’ हे तुला पटलं. पैसा आला तेव्हा तुझ्या घरभाड्याचा हिशेब तुझ्या पगारातून वजा झाला, जो हिशेब नोकराचाही कुणी करत नाही. आणि पब्लिशर आला तेव्हा ‘तू आर्ट बघ’. राबायच्या वेळी मालक, ठरवायच्या वेळी नोकर. हे तुझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. मित्रांनी काढलेल्या बहुतेक स्टुडिओंमध्ये कुणीतरी एक जण असा असतो, आणि बहुतेक वेळा तो आर्टवाला किंवा लेखक असतो. गेममध्ये लोकांना पहिलं दिसतं ते त्याचं काम, पण सर्व्हरची आणि बँकेची किल्ली त्याच्याकडे नसते.

आता कागदाकडे. कागदावर तू तीन जणी आहेस: शेअरहोल्डर, डायरेक्टर आणि काम करणारी. त्या दोघांनी पाठवलेल्या ॲग्रीमेंटची सगळी हुशारी यात आहे की तिघींना एकाच सहीत बाहेर काढायचं. तुझं काम त्यांना सुटं सुटं ठेवायचं.

डायरेक्टरपद सगळ्यात कच्चं आहे. साध्या बहुमताने ते जाऊ शकतं, आणि त्यांच्याकडे ७६ टक्के आहेत. त्यासाठी त्यांना विशेष नोटीस द्यावी लागेल, सभा घ्यावी लागेल, तुझं म्हणणं ऐकावं लागेल. पण शेवटी हात वर झाले की झालं. ‘मला काढलं हाच अन्याय’ असं म्हणून लढायला जाशील तर सायरस मिस्त्री आठव. २०१६ मध्ये त्यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवलं, आणि २६ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल टाटांच्या बाजूने दिला. पदावरून काढणं एवढ्यानेच अल्पमतातल्या भागधारकाची गळचेपी झाली असं होत नाही, हा त्यातला तुझ्या कामाचा भाग. त्यांच्या घराण्याकडे १८ टक्क्यांहून जास्त शेअर होते आणि देशातले मोठमोठे वकील होते. तुमच्यासारख्या मित्रांच्या छोट्या कंपनीत ‘ही खरं तर भागीदारीच होती’ हा मुद्दा मांडायला जास्त जागा आहे, पण नुसत्या पदासाठी भांडण काढू नकोस.

मात्र डायरेक्टर आहेस तोवर त्या पदाचा उपयोग करून घे. कंपनीची हिशेबाची पुस्तकं कुठल्याही डायरेक्टरला कामाच्या वेळेत बघता येतात. बोर्ड मीटिंगची नोटीस तुला सात दिवस आधी मिळायला हवी. पब्लिशरचा करार ज्या मीटिंगमध्ये मंजूर झाला असेल तिची नोटीस तुला नव्हती, तर त्यावर लेखी हरकत घेता येते. स्टीमचे महिन्याचे स्टेटमेंट, बँकेचं स्टेटमेंट, कराराचा मसुदा हे सगळं ईमेलने माग, याच आठवड्यात. पद गेलं की हा दरवाजा बंद.

आणि एक अगदी छोटी गोष्ट. तुझा डिजिटल सहीचा टोकन, पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि ज्याने सरकारी कागदांवर तुझ्या नावाने सही होते तो, कुठे आहे? कंपनी सेक्रेटरीच्या कामात मी पाहिलेल्या दहातल्या आठ छोट्या कंपन्यांत तो सीएच्या ड्रॉवरमध्ये असतो, नाव लिहिलेल्या पाकिटात, पिन त्याच पाकिटावर. आजच जाऊन घेऊन ये. गोड बोलून आण, ‘इन्कम टॅक्सला लागतोय’ म्हण. मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर जा, शंभर रुपये भरून तुमच्या कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं उघड, आणि गेल्या काही महिन्यांत तुझ्या नावाने किंवा भांडवलात काही बदल दाखल झालाय का ते बघ. न दिलेला राजीनामा दाखल झालेला मी पाहिला आहे.

शेअर ही मात्र तुझी मालमत्ता आहे. बहुमताने ती काढून घेता येत नाही. तुझ्या पायाला बेडी आहे ती त्या नेटवरून काढलेल्या कागदाची. ‘सोडून गेल्यास दर्शनी किमतीला’ असं त्यात असेल, तर तू स्वतः राजीनामा दिलास की ते कलम जागं होणार. म्हणून रागात, रडून, रात्री दोन वाजता, कशीही राजीनाम्याची ओळ लिहू नकोस. व्हॉट्सॲपवर ‘मला नाही करायचं आता’ एवढंही नको.

हा प्रकार या धंद्यात फार जुना आहे, आणि फार नावाजलेल्या ठिकाणी झालेला आहे. अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरचं नाव तुला मी सांगायला नको, ‘डूम’ आणि ‘क्वेक’ त्यांचे. १९९१ मध्ये चौघांनी मिळून काढलेली कंपनी: जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक. दोघे कारमॅक नात्याने कुणी नव्हेत. १९९३ मध्ये, ‘डूम’ बाहेर पडायच्या आधीच, टॉम हॉलला बाकीच्या मालकांनी जायला सांगितलं. त्याला गोष्ट हवी होती, कथानक हवं होतं. इतरांना ते नको होतं. हॉलला जायला सांगणाऱ्यांत रोमेरो होता. तीन वर्षांनी ‘क्वेक’ संपला आणि तीच पाळी रोमेरोवर आली.

तुझ्या पत्राशी सगळ्यात जुळणारा प्रसंग २००० सालचा आहे. तेव्हा मालक उरले होते तीन: जॉन कारमॅक, एड्रियन कारमॅक आणि केव्हिन क्लाउड. पुढचा गेम कुठला यावर दोन तट पडले. जॉनला आणि त्याच्यासोबतच्या काही जणांना नवीन ‘डूम’ करायचा होता, बाकी दोन मालकांचा विरोध होता. जॉनच्या गटाने अक्षरशः ‘करू द्या, नाहीतर काढून टाका’ अशी भूमिका घेतली आणि नवीन ‘डूम’चं ठरलं. पण त्याच सुमारास पॉल स्टीड नावाच्या कलाकाराला, जो जॉनच्या बाजूला होता, कामावरून काढलं. जॉन कारमॅकने स्वतः जाहीर लिहिलं की हे माझा विरोध डावलून आणि सूड म्हणून झालं. एवढा मोठा माणूस, कंपनीचा मालक, ज्याच्या कोडवर सगळं उभं होतं. गेम त्याला हवा तो मिळाला, पण आपल्या बाजूने बोललेल्या माणसाची नोकरी तो वाचवू शकला नाही. मालकांच्या भांडणात पहिली विकेट पगारदाराची पडते. तुझ्या ॲनिमेटरबद्दल शेवटी बोलते.

त्यानंतरचा अंक २००५ चा. एड्रियन कारमॅक, म्हणजे चौघांतला आर्टवाला, कंपनीबाहेर पडला आणि कोर्टात गेला. त्याच्याकडे ४१ टक्के शेअर होते. त्याचं म्हणणं असं की मला मुद्दाम काढलं, कारण करारानुसार बाहेर पडणाऱ्याला शेअर ठरलेल्या किमतीला द्यावे लागतात. त्या हिशेबाने माझ्या वाट्याचे एक कोटी दहा लाख डॉलर होतात, आणि खरी किंमत कितीतरी जास्त आहे. आकड्याची शून्यं तुझ्या २४ हजारांपेक्षा बरीच जास्त आहेत, पण कलम तेच. असा कागद भविष्यातल्या कुणा पळपुट्यासाठी लिहिला जातो, आणि शेवटी घरातल्याच माणसाच्या गळ्यात येतो.

तुझ्या बाबतीत तीन गोष्टी वकिलाला विचार. एक, ते कलम कंपनीच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोंदवलेल्या नियमावलीत, आहे का? शेअर हस्तांतरावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीला लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे, आणि नेटवरच्या कागदातली कलमं आर्टिकल्समध्ये घालायला बहुतेक मित्रमंडळी विसरतात. दोन, ‘सोडून गेल्यास’ म्हणजे नेमकं काय? स्वतःहून गेल्यास की काढल्यास सुद्धा? तीन, ते नवीन शेअर काढून, फक्त स्वतःला किंवा बाहेरच्या कुणाला देऊन, तुझा टक्का कमी करू शकतात का? हा खरा धोका आहे. त्यासाठीच्या विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात आणि त्या दोघांची मिळून ७६ होतात. तुझ्याकडे २४ ऐवजी २६ असते तर त्यांना हे तुझ्याशिवाय जमलं नसतं. ते आकडे कुणी बसवले हे मला माहीत नाही, पण ज्याने बसवले त्याला हे ठाऊक असेल अशी मला दाट शंका आहे. असा प्रयत्न झाला, तर १० टक्क्यांहून जास्त शेअर असल्यामुळे तुला गळचेपी आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन मुंबईला कंपनी लवादाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, जाता येतं. जाच असं मी म्हणत नाही. तिथे तारखांवर तारखा पडतात. पण जाता येतं हे त्या दोघांच्या वकिलाला माहीत असणार.

दहा रुपयांच्या भावाबद्दल आणखी एक, जे त्या दोघांनी बहुधा सीएला विचारलेलंच नाही. बाजारात नोंद नसलेले शेअर खऱ्या किमतीपेक्षा फार कमी भावाने विकले, तर आयकर खातं विकणाऱ्याला रास्त किंमत मिळाली असं धरून कर लावू शकतं, आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात फरकाची रक्कम धरू शकतं. म्हणजे तुला २४ हजार मिळणार आणि कर न मिळालेल्या लाखांवर भरायचा. हे त्यांना नक्की सांग. मैत्रीपेक्षा याने ते लवकर शुद्धीवर येतील.

आता काम करणारी. तुझं अपॉइंटमेंट लेटर आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून नसावं असं धरते. कॉपीराइटचे हक्क कंपनीला लिहून दिल्याचा सही केलेला कागद आहे का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं. पण नोकरीचा करारच नसेल, तर चित्र काढणारी ती मालक, लेखी हस्तांतर होईपर्यंत. लेखी असलं तरी मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. पहिली दोन वर्षं तू बिनपगारी काम केलंस. ज्या पात्रांवर आणि ज्या शैलीवर तुमचा पहिला गेम चालला ती त्या दोन वर्षांतली आहेत ना? मग ‘मालकाला कसला पगार’ हे वाक्य त्यांनाच महागात पडू शकतं. त्यांचा वकील म्हणेल ती डायरेक्टर होती, पगार घेत होती, सगळं कंपनीसाठीच होतं. वाद होईल. पण परदेशी पब्लिशर वाद असलेल्या गेमवर सहसा पैसे लावत नाही. करारात कंपनीला लिहून द्यावं लागतं की यातली प्रत्येक गोष्ट आमच्या मालकीची आहे. सात दिवसांची घाई कशाची आहे ते आता कळलं?

ही ताकद दाखवायची, वापरायची नाही. पब्लिशरला परस्पर मेल टाकू नकोस, स्टीमकडे स्वतःच्याच गेमविरुद्ध तक्रार करू नकोस. गेम बंद पडला तर २४ टक्के शून्याचे होतील. एस्टोनियातून सुरू झालेल्या झा/उम स्टुडिओचं उदाहरण समोर आहे. ‘डिस्को एलिझियम’चं जग ज्याच्या डोक्यातून आलं तो रॉबर्ट कुर्विट्झ आणि ज्याच्या ब्रशमधून उतरलं तो अलेक्झांडर रोस्तोव, दोघं स्टुडिओबाहेर असल्याचं २०२२ मध्ये जगाला कळलं. ते म्हणाले आमच्याकडून कंपनी फसवून घेतली. कंपनी म्हणाली त्यांची वागणूक वाईट होती म्हणून काढलं. चाहत्यांनी बाजू घेतल्या, खूप आरडाओरडा झाला. ते जग मात्र कंपनीकडेच राहिलं.

आणि वागणुकीवरून आठवलं. डिस्कॉर्डवर तू जे बोललीस त्याचे स्क्रीनशॉट त्यांच्याकडे आहेत असं धरून चाल. प्रश्न विचारलास हे बरोबरच. ज्युनिअर मुलांसमोर विचारलास, त्यांना बाजू घ्यायला लागली, हे बरोबर नव्हतं. त्याच चॅनलवर एक ओळ टाक: ‘त्या दिवशी माझा आवाज चढला, तुम्हाला मध्ये ओढलं, सॉरी.’ एवढंच. प्रश्न मागे घेतेस असं त्यात कुठेही दिसता कामा नये.

सगळे समान असते तर हे झालंच नसतं असं तू म्हणशील. फ्रान्समध्ये बोर्दोला मोशन ट्विन आहे, ‘डेड सेल्स’वाले. सगळे मालक, सगळ्यांना सारखा पगार, सारखं मत. गेम एवढा चालला की माणसं वाढवणं भाग पडलं, आणि त्या पद्धतीत ते बसेना, म्हणून गेम पुढे चालवायला वेगळी, नेहमीसारखी कंपनी निघाली. तेव्हा समानतेचं स्वप्न बघ, पण आत्ता २४ टक्क्यांचं बोलू.

दोन वर्षांच्या बंदीची फार काळजी करू नकोस. नोकरी सोडल्यावर कुठे काम करायचं नाही अशी अट आपल्या करार कायद्यात सहसा टिकत नाही. कंपनीच्या नावलौकिकासकट हिस्सा विकताना घातलेली अट मात्र वेगळी धरली जाऊ शकते, म्हणून विक्रीच्या कागदात ती येऊ देऊ नकोस.

तुला खरं काय हवंय, हे मात्र मी सांगू शकत नाही. माझा अंदाज, पत्रात एकदाही ‘मला तिथे राहायचंय’ असं आलेलं नाही. राहायचं नसेल तर लाज वाटून घेऊ नकोस. रास्त किंमत घेऊन बाहेर पडणं ही हार नव्हे. त्या दोघांना पुढचा मजकूर पाठव, ईमेलने, रात्री नाही, सकाळी:

‘तुमचा मसुदा मिळाला. मी राजीनामा देत नाही आणि मसुद्याला माझी संमती नाही. पब्लिशरच्या कराराचा मसुदा, त्यासंबंधीच्या बोर्ड मीटिंगचं इतिवृत्त आणि गेल्या बारा महिन्यांची स्टीम व बँकेची स्टेटमेंट डायरेक्टर म्हणून मला पाठवा. हिश्शाबद्दल बोलायचं असेल तर नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून, जो कंपनीचा सीए नाही, किंमत काढू, पब्लिशरचा करार धरून. माझ्या आर्टच्या हक्कांचा आणि क्रेडिटचा लेखी करारही त्याच वेळी करू. तिघांना मान्य असलेल्या मध्यस्थासमोर बसायला मी तयार आहे.’

यात एकही विशेषण घालू नकोस. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे तर नकोच. ते वाक्य त्यांना सुखावतं.

व्हॅल्युअरचा आकडा आला की लगेच हो म्हणू नकोस. पब्लिशरचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, तेव्हा पहिली रक्कम आत्ता आणि पुढचा वाटा गेम विकला जाईल तसा, असं माग. क्रेडिटमध्ये नाव हा स्वतंत्र मुद्दा ठेव, पैशात मिसळू नकोस. आपलं काम आपलं म्हणवून घेण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही कायद्याने तुझ्याकडेच राहतो.

राहिला ॲनिमेटर. त्याला अजून महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. डायरेक्टर म्हणून तू बोर्डाला लिही की त्याला काढण्याला तुझा विरोध आहे आणि कारण लेखी द्यावं. थांबेल असं नाही, पण नोंद राहील. तो गेलाच, तर नोटीसचे पैसे, थकलेला पगार, रिलीव्हिंग लेटर आणि दोन्ही गेमच्या क्रेडिटमध्ये त्याचं नाव यांची यादी कर आणि तुझ्या वाटाघाटीत ती तुझ्या मागण्यांच्या वर लिही. त्याच्या शोरीलसाठी, म्हणजे कामाचे नमुने दाखवायच्या व्हिडिओसाठी, कुठले शॉट वापरता येतील हेही कंपनीकडून लेखी घे. नवीन नोकरीत सगळ्यात आधी तेच विचारतात. त्याला तू फोन केलास का? पत्रात तसं काही नाही. आज कर.

त्या नेटवरून काढलेल्या जुन्या कागदाची आणि आर्टिकल्सची प्रत मला पाठव, नावं खोडून.